थर्डचं तिकीट परत पाहिजे

गेल्या वैशाखात सांगलीत एका लग्नाला गेले होते. कार्यालय नवीन, एसी, खाली पांढरी फरशी, आणि जेवायला बसल्यावर सहज मागच्या भिंतीकडं नजर गेली तर वर, छताच्या जरा खाली, दोन मोठी चौकोनी भोकं आणि त्यांच्या शेजारी दोन लहान, प्लायवूड मारून बंद केलेली, वरून रंग दिलेला. मोठ्या भोकातून प्रोजेक्टरचा उजेड यायचा आणि लहान भोकातून ऑपरेटर पडद्याकडं बघायचा. म्हणजे मी जिथं बसून मसालेभात खात होते ती टॉकीज होती. मी लग्न होऊन सांगलीत आले १९९५ साली, आणि नवऱ्याबरोबर पहिला सिनेमा बघितला तो इथंच, आणि दारातून आत येताना मला जागा ओळखूही आली नव्हती.

शेजारी बसलेल्या वन्संना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हो की!" मग अख्ख्या पंगतीत तोच विषय, कोण कुणाबरोबर कुठला सिनेमा बघायला आलं होतं, इंटरव्हलला भडंग कुठं मिळायचं, हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की पोटात कसा गोळा यायचा, काय दिवस होते ते वगैरे. मीही बोलले, खूप बोलले. पण घरी येताना रिक्षात मनात घोळत राहिलं की आपण सगळे हळहळतोय ते नेमकं कशासाठी? कारण ती टॉकीज चालू होती तेव्हा शेवटची चार-पाच वर्षं त्या पंगतीतलं कुणी तिकडं फिरकलंही नव्हतं, मीही नाही.

आठवणच काढायची तर पूर्ण काढूया. खुर्च्यांत ढेकूण होते. बायकांचं बाथरूम असं होतं की आम्ही घरून निघताना पाणी पीत नव्हतो. पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की संवाद ऐकू यायचे नाहीत. अंधारात मागच्या खुर्चीवरून पाय लागायचा, तो चुकून लागलेला नसायचा हे प्रत्येक बाईला माहीत आहे, म्हणून आम्ही कधी एकट्या गेलो नाही आणि रात्री नऊच्या शोला तर पुरुषमाणूस बरोबर असल्याशिवाय नाहीच. व्हिडिओ आणि मग केबल आल्यावर घरोघरचे लोक यायचे बंद झाले, तेव्हा कित्येक टॉकीजनी सकाळच्या शोला कसले सिनेमे लावले तेही सगळ्यांना आठवत असेल, त्या पोस्टरवरून शाळेत जायचा रस्ता बदलणाऱ्या मुली होत्या. आणि १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार सिनेमात आग लागली, ५९ माणसं गेली, बरीचशी धुरात गुदमरून, कारण बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. तेव्हा जुनं ते सोनं असं मी सरसकट म्हणणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये माझी मुलगी मैत्रिणींबरोबर रात्री साडेदहाच्या शोला जाऊन सुखरूप घरी येते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती ज्याला मोठी वाटत नाही त्याला मुलगी नसावी किंवा बहीण नसावी.

मग गेलं काय? मला विचाराल तर बुकिंग खिडकीच्या वरचा तो दराचा बोर्ड गेला.

आठवतो का बघा. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असायचं, थर्ड, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी, आणि प्रत्येकापुढं वेगळा दर. थर्ड म्हणजे पडद्याच्या अगदी पुढं, मान वर करून बघायचं, काही ठिकाणी नुसती बाकडी, आणि बाल्कनी म्हणजे वर, मागं, गादीची खुर्ची, तिकीट थर्डच्या तिप्पट-चौपट. एकाच सिनेमाला, एकाच वेळी, एकाच छताखाली मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी बाल्कनीत आणि त्याच्याच दुकानातला हमाल थर्डमध्ये. इंटरव्हलला दोघं एकाच टपरीवर चहा पिणार. मी हे काही समानतेचं चित्र म्हणून सांगत नाही, उलट उतरंड तिथं चांगली रंगवून लिहिलेली होती, पण त्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी होती. गावातल्या सगळ्यात कमी पैसे असलेल्या माणसाला धरून ती टॉकीज बांधलेली होती, आणि बाल्कनीवाल्याच्या जादा पैशावर थर्डवाल्याचं तिकीट स्वस्त राहत होतं. आणि शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर चिल्लर उडवणं, ज्याची सगळे आज आठवण काढतात, ते सगळं कुठून यायचं? थर्डमधून! बाल्कनीतून कधी कुणी शिट्टी मारलेली मी तरी ऐकली नाही. आता थर्ड नाही, आणि आपण विचारतो की थेटरात पूर्वीसारखी मजा का येत नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात. पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ असतो, मार्गशीर्षात, त्या रथाला भाविक नोटा बांधतात, जत्रा मोठी, जनावरांचा बाजार मोठा. माझ्या लहानपणी त्या जत्रेत तमाशाच्या फडाबरोबर तंबूतला सिनेमा यायचा. दिवसभर जीपवर कर्णा लावून पुकारत फिरायचे, रंगीत कागदाची हॅंडबिलं उडवायचे, आम्ही पोरं त्या जीपमागं पळायचो, आणि अंधार पडला की तंबूत मधोमध दोरी बांधून एकीकडं बाया एकीकडं पुरुष, खाली जमिनीवर, घरून आणलेलं पोतं नाहीतर घोंगडं टाकून बसायचं. मशीन बाहेर ट्रकमध्ये नाहीतर तंबूच्या मागच्या टोकाला. गर्दी फार झाली की काही लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे, त्यांना हिरो डावखुरा दिसायचा, आजी म्हणायची, "मागनं बगितलं तरी रडू तेवडंच येतंय." ज्यांना आत जायला पैसे नसायचे ते बाहेर बैलगाडीत आडवे पडून नुसतं ऐकायचे, अख्खा सिनेमा, संवादासकट गाण्यांसकट, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो बघितलेल्यांपेक्षा चांगला सांगायचे.

अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे मैदानात आपल्या गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या थेटरांच्या, आठवणी काढणारे लेख हल्ली फार दिसतात म्हणून त्याबद्दल थोडं. पहिलं ड्राइव्ह-इन १९३३ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत कॅम्डेनला निघालं, आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी त्या देशात अशी चार हजारांच्या वर होती. ती एवढी चालली त्याचं कारण मला ओळखीचं वाटतं, तान्ही पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना गाडीत घालून न्यायचं, पोरगं रडलं तर कुणाला त्रास नाही, कपडे बदलायला नकोत, घरचं जेवण बरोबर. मग शहरं वाढली, त्या मैदानांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, घड्याळं एक तास पुढं करायचा नियम आल्यामुळं उन्हाळ्यात अंधार उशिरा पडायला लागला, व्हिडिओ आला, आणि संपलं. आपल्याकडं अहमदाबादला १९७३ साली मोठं ड्राइव्ह-इन निघालं, मुंबईत वांद्र्याला एक होतं ते २००३ मध्ये बंद झालं, आता २०२१ पासून मुंबईत मॉलच्या गच्चीवर एक आहे. असू दे, ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं जावं. पण सांगली-साताऱ्याच्या माणसानं ड्राइव्ह-इनच्या नावानं उसासे टाकायची काही गरज नाही, आमच्याकडं बैलगाडीचं होतं, आणि आत जायला पैसे नसलेल्यालाही त्यात जागा होती.

आता लोक म्हणतात, काळ बदलला, धंदा बसला, बाजारानं ठरवलं, त्यात सरकारनं आणि आपण काय करायचं. हे मला अजिबात मान्य नाही, कारण सगळं काही बाजारानं ठरवलेलं नाही. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्स यावीत म्हणून त्यांना करमणूक कर पहिली तीन वर्षं पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं फक्त पाव घेतला. त्याच काळात शेजारची जुनी टॉकीज पूर्ण कर भरत होती. त्या धोरणाला मी वाईट म्हणत नाही, त्यामुळं चांगली थेटरं आली, पण मग एकाला पाच वर्षं हात देऊन वर काढलं आणि दुसऱ्याला बाजारावर सोडलं हे कबूल तरी करावं.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते टॉकीजवाल्यांच्या तोंडूनच मी ऐकलंय. पूर्वी रिळाची प्रिंट महाग, त्यामुळं प्रिंटा थोड्या. सिनेमा आधी मुंबई-पुण्याला लागायचा, मग सांगली-साताऱ्याला, मग विटा, तासगाव, वडूज, आणि शेवटी तंबूत, तेव्हा त्याच्यावर पावसासारख्या रेघा पडलेल्या असायच्या. कधी दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असायची, इथलं वीस मिनिटांचं रीळ संपलं की पोरगा सायकलवर पेटी टाकून तिकडं पळायचा, आणि वाटेत फाटक लागलं तर तिकडची पब्लिक आरडाओरडा करत बसायची. या सगळ्यामुळं एक सिनेमा महिनोन्महिने कमवायचा, पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव ही नेहमीची गोष्ट होती, दादा कोंडक्यांच्या तर लागोपाठ नऊ सिनेमांचे झाले. आता डिजिटलमुळं एकाच शुक्रवारी सगळीकडं सिनेमा लागतो आणि तीन दिवसांत काय कमवायचं ते कमावतो. चौथ्या दिवशी आठशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये साठ माणसं. मल्टिप्लेक्सवाला त्या सिनेमाला मोठ्या पडद्यावरून छोट्या पडद्यावर टाकतो आणि मोठ्यात दुसरा लावतो, एकपडदावाल्याला ते करताच येत नाही, त्याला साठ माणसांसाठीही आठशे खुर्च्यांची वीज जाळावी लागते. त्यात आमच्या सांगलीत २०१९ आणि २०२१ चा महापूर आणि मधे कोरोना, टाळं लागलं, उघडलं, परत लागलं, ते २०२१ च्या २२ ऑक्टोबरला उघडलं. किती जणांचं कायमचंच राहिलं.

म्हणून जुनी टॉकीज जशीच्या तशी वाचवा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आठशे खुर्च्या परत भरणार नाहीत. आपल्याकडं टॉकीज पाडून दुसरं काही बांधायचं तर तिथं काही खुर्च्यांचं थेटर ठेवलंच पाहिजे अशी अट आहे, आणि मालक वर्षानुवर्षं ती अट काढा म्हणतायत. त्यांचं दुखणं खरं आहे, वीस वर्षं बंद वास्तूवर बसून त्यांनी काय करायचं? पण अट सरसकट काढली तर गावात उद्या एकही हॉल उरणार नाही. मला वाटतं अट ठेवावी, पण ती चालण्यासारखी करावी. खाली दुकानं काढा, वर कार्यालय काढा, आणि एक दीडशे खुर्च्यांचा पडदा ठेवा, त्याला परवान्यात आणि मालमत्ता करात सवलत द्या, जशी २००१ साली मोठ्यांना दिली तशी. आणि बदल्यात एकच गोष्ट मागा. थर्ड.

म्हणजे प्रत्येक शोला, रविवारी संध्याकाळीसुद्धा, नवीन सिनेमालासुद्धा, पुढच्या काही रांगा शंभर रुपयांच्या आत. शंभरचा आकडा माझा नाही, सरकारचाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी बाराचा पाच टक्के झाला आणि शंभरच्या वर अठरा आहे. म्हणजे शंभरच्या आतलं तिकीट हे साध्या माणसाचं तिकीट हे दिल्लीनं मान्य केलंय. पण तसं तिकीट शनिवारी-रविवारी शोधून दाखवा. सवलत आहे आणि ज्याच्यावर ती द्यायची ते तिकीटच नाही.

आमच्या मिरजेपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. तिथं सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीट दोनशेच्या वर नको असा नियम काढला आणि हायकोर्टानं त्याला लगेच स्थगिती दिली. माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात आपल्याकडंही तसंच करा. मला ते पटत नाही. वरून मर्यादा घातली तर बाल्कनीवाल्याचेही पैसे वाचतात आणि दोनशे रुपये हमालाला तरीही परवडत नाहीत. ज्याला झोपायची खुर्ची पाहिजे त्याच्याकडून पाचशे घ्या, हजार घ्या, माझी काही हरकत नाही, फक्त खालची पायरी काढू नका.

परवडणार नाही म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशोब करते. दीडशे खुर्च्या, पुढच्या ५० साठ रुपयांना, मधल्या ६० एकशेवीसला, मागच्या ४० दोनशेला. सगळं दीडशेला ठेवलं आणि आडवारी साठ माणसं आली तर गल्ला नऊ हजार. पायऱ्या ठेवल्या, पुढचं भरलं आणि बाकीचं फक्त निम्मं भरलं तर तीन हजार, छत्तीसशे आणि चार हजार, म्हणजे दहा हजार सहाशे. पुढचं भरेल कशावरून म्हणाल, तर २३ सप्टेंबर २०२२ आठवा, राष्ट्रीय सिनेमा दिवस म्हणून एक दिवस देशभर मल्टिप्लेक्सचं तिकीट ७५ रुपये केलं होतं आणि त्या एका दिवसात ६५ लाख माणसं आली. ही माणसं आदल्या दिवशी कुठं होती? घरीच होती, सिनेमाचा कंटाळा आला म्हणून घरी होती असं नव्हे.

आणि आपल्या इथलंच सांगायचं तर 'सैराट'. २०१६ च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे शो लावावे लागले. पहाटे तीन! शेतातून, कारखान्यातून माणसं जीप भरून आली. रहिमतपूर काही मोठं शहर नाही. तिथं पडदा होता म्हणून ते झालं. ज्या गावात नव्हता त्या गावातल्या लोकांनी तो सिनेमा चोरून मोबाईलवर बघितला, आणि मग आपण त्यांना पायरसीवर भाषण देतो.

मराठी सिनेमाला पडदे मिळत नाहीत ही ओरड दरवर्षी होते. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवावा असा आग्रह धरला, मग प्राइम टाइम दुपारी बारापासून धरला, वाद झाला, संपला. मुळात आपण सिनेमा बनवायला अनुदान देतो, कोल्हापूरला चित्रनगरी आहे, आणि दाखवायच्या जागेचा विचारच नाही. केरळात सरकारचं महामंडळ स्वतःची थेटरं चालवतं, तिरुवनंतपुरममध्ये कैरळी, श्री, नीला शहराच्या मध्यावर आहेत. आपल्याकडं काय कमी आहे? सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर, मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं, साताऱ्यात शाहू कला मंदिर. १८४३ साली जिथं मराठी नाटक पहिल्यांदा उभं राहिलं त्या गावानं सिनेमासाठी एक छोटा हॉल चालवून दाखवणं जड जाऊ नये. नाटकाच्या तारखांना हात लावू नका, नाटकवाल्यांची अडचण मला कळते, पण जे दिवस रिकामे जातात त्या दिवशी चांगला पडदा, चांगला प्रोजेक्टर आणि साठ रुपये तिकीट, एवढं महापालिकेनं एक वर्ष करून बघावं. तालुक्याच्या गावांना तर फिरता पडदा परत आणता येईल, आता रिळांच्या पेट्या नकोत की मशीनमध्ये उजेडासाठी जाळायच्या कार्बनच्या कांड्या नकोत. २०१६ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरच्या माहितीपटाचं कान महोत्सवात कौतुक झालं, इथं मात्र तंबू एकेक करून उतरतच राहिले.

कुणी म्हणेल पाणी नाही, रस्ते नाहीत आणि बाईंना सिनेमा सुचतोय. मी नवीन सासरी आले होते तेव्हा कुणी मला असं म्हटलं असतं तर गप्प बसले असते. आता नाही बसणार. माझी आई दिवसभर शेतात राबायची आणि वर्षातून एकदा, जत्रेत, तंबूत, दोरीच्या या बाजूला बायकांत बसून तीन तास मोठ्यानं हसायची आणि मोठ्यानं रडायची. घरात मी तिला कधी तसं हसताना बघितलं नाही, घरात सासरे असायचे. मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं, पण मोबाईल बघणारी बाई भाजी ढवळता ढवळता बघते आणि मधे चार हाका येतात. घराबाहेर, अंधारात, कुणी हाक मारणार नाही अशी तीन तासांची जागा पैसेवाल्या बाईला आजही आहे.

आमच्याकडं घरकामाला येते तिनं मागच्या दिवाळीत हट्टानं नवऱ्याला आणि दोन पोरांना घेऊन सिनेमा बघितला. तिकिटं, येणं-जाणं, इंटरव्हलला पोरांनी मागितलं म्हणून एक पॉपकॉर्न चौघांत, त्या आठवड्याचा बाजार तिनं माझ्याकडून उचल घेऊन केला. सिनेमा फार आवडला म्हणाली. परवा भांडी घासता घासता विचारलं, "ताई, पुढच्या लायनीचं तिकीट कमी असतंय काय ओ? आमी पुढं बसू की, मान दुखली तर दुखली." मी फोनवर बघून तिला सांगितलं, असतं, वीस रुपयांनी कमी.